गॅरी गायगॅक्स : दोन पेशे, एक कसब

गाळप हंगामात भवानीनगरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की संध्याकाळी बाहेर पडणं म्हणजे शिक्षाच. मग होस्टेलवर वेळ घालवायला काय काय चालतं, ते रेक्टर सरांना न कळलेलंच बरं. पण एका खेळाबद्दल उघड लिहायला हरकत नाही, कारण त्यात पत्तेही नाहीत आणि पैसेही नाहीत. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. लागतं काय, तर कागद, पेन्सिल आणि फासे. एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. प्रत्येक पात्राला पेशा असतो : कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी पुरोहित, कुणी चोर. खेळता खेळता पात्र एकेक पायरी वर चढतं आणि नवी कसबं मिळवतं.

आमच्या खोलीत भांडण जुंपलं ते यावरूनच. एकाचं पात्र लढवय्या होतं, पुढे त्याने रेंजरचा पेशाही घेतला. दोन्ही पेशांत पाचव्या पायरीला एका डावात एकाऐवजी दोन वार करता येतात. दोन्हीकडे पाच पायऱ्या झाल्यावर हा म्हणायला लागला, आता माझे तीन वार. दीड वाजेपर्यंत कल्ला. त्या भांडणापायी मी हा खेळ रचणाऱ्या माणसाची माहिती काढली, आणि तो माणूसच जास्त इंटरेस्टिंग निघाला.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्सचा जन्म 27 जुलै 1938 चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. 1946 साली कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेलं. गॅरीने हायस्कूल अर्धवट सोडलं. (हे वाचून कुणी केटीचं समर्थन करू नये.) पुढे तो शिकागोत विमा कंपनीत लागला. कुठल्या माणसाची, कुठल्या मालाची जोखीम किती, हे आकड्यांत बसवायचं काम. त्याच्या खेळाची पुस्तकं तक्त्यांनी का भरलेली असतात, त्याचं उत्तर मला तरी या नोकरीत दिसतं.

फावल्या वेळात तो युद्धाचे खेळ खेळायचा. 1968 साली गावातला एक हॉल 50 डॉलर भाड्याने घेऊन त्याने अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. तो 'जेन कॉन' मेळावा अजून भरतो. पण 1970 मध्ये विम्याची नोकरी गेली. वय 32, घरात बायको आणि पोरंबाळं. त्याने तळघरात जोडे दुरुस्तीचं काम सुरू केलं. दिवसा टाके आणि रात्री नियम लिहिणं. 1971 साली जेफ पेरेनबरोबर त्याने मध्ययुगीन लढायांची 'चेनमेल' ही नियमावली काढली.

मिनेसोटात डेव्ह आर्नेसन नावाचा एक तरुण त्या नियमांचा आधार घेऊन वेगळंच काही खेळत होता. एका खेळाडूकडे अख्खं सैन्य न देता एकच पात्र द्यायचं, आणि ते पात्र पुढच्या डावातही जिवंत ठेवायचं. 1972 मध्ये आर्नेसनने हे लेक जिनिव्हाला येऊन दाखवलं आणि गॅरी कामाला लागला. प्रकाशक मिळेना, म्हणून बालमित्र डॉन केबरोबर 1973 साली टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी 1974 मध्ये तीन पुस्तिकांचा डबा बाजारात आला. किंमत 10 डॉलर, प्रती 1000. लेखक दोन : गायगॅक्स आणि आर्नेसन. पुढच्याच जानेवारीत डॉन के हृदयविकाराने गेला.

त्या पहिल्या खेळात पेशे तीनच होते, आणि एल्फ जातीचं पात्र एका मोहिमेत लढवय्या तर दुसरीत मांत्रिक होऊ शकायचं. 1978 च्या पुस्तकात गॅरीने हा हिशेब पक्का केला. एल्फ वगैरे मंडळींना दोन पेशे एकदम चालवता येतील, पण मिळालेला अनुभव दोन्हींत वाटला जाईल. तलवार मारण्याचं कसब दोन्ही पेशांत आहे ना? मग दोन्हींतलं जे सरस असेल ते धरायचं, बेरीज करायची नाही. आपल्याकडे आयटीआयला फिटर करून कुणी वेल्डरही केला, तर कानस चालवायला दोनदा शिकतो. म्हणून काही त्याची कानस दुप्पट चालत नाही.

माणसांसाठी नियम आणखी कडक. जुना पेशा सोडायचा आणि नवा पहिल्या पायरीपासून सुरू करायचा. नव्यात जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनं कसब वापरलं, तर त्या मोहिमेचा अनुभव बाद! मला हा नियम जाचक वाटतो. पण विम्याच्या टेबलावरून उठून जोड्यांना टाके घालणाऱ्या माणसाने तो लिहिलाय, हेही विसरता येत नाही.

खऱ्या आयुष्यातली बेरीज मात्र त्याला इतकी सरळ जमली नाही. ही नवी पुस्तकं 'ॲडव्हान्स्ड' म्हणून निघाली आणि त्यांवर लेखक म्हणून एकट्या गॅरीचं नाव आलं. टीएसआरचं म्हणणं, हा खेळ वेगळा, इथे आर्नेसनचं मानधन लागू नाही. आर्नेसनचं म्हणणं, मूळ तेच आहे. 1979 मध्ये त्याने दावा लावला, 1981 मध्ये तडजोड झाली. माझं मत आर्नेसनच्या बाजूने आहे. नियम बांधले गॅरीने हे खरं, पण एक खेळाडू एक पात्र ही युक्ती नसती तर बांधायला होतं काय?

पुढे कंपनी अफाट वाढली, कर्जातही गेली. गॅरी कार्टून मालिकेसाठी हॉलिवूडला गेला आणि इकडे सूत्रं निसटली. 1985 मध्ये त्याच्या हातून कंपनीचा ताबा गेला, पुढच्या वर्षी तो बाहेर पडला. 1992 साली त्याने दुसरा खेळ काढला, तर त्याच्यावर दावा लावला तो टीएसआरनेच. 4 मार्च 2008 ला लेक जिनिव्हातच तो वारला. वर्षभराने, एप्रिल 2009 मध्ये आर्नेसनही गेला.

गॅरी कंपनीतून बाहेर पडल्यानंतरही खेळाचे नियम बदलत राहिले. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बेरीज चालू झाली आणि लगेच पळवाट निघाली. विषबाधेसारख्या आघाताला तोंड देण्याचा आकडा एकाच पेशाच्या दोन पायऱ्यांना 3 मिळायचा, पण लढवय्याची एक आणि पुरोहिताची एक अशा दोन पायऱ्या घेतल्या की 4. हुशार पोरं पेशे गोळा करत सुटली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा गॅरीच्या वाटेने लिहिलं गेलं की जादा वाराचं कसब दोन पेशांतून आलं तरी एकदाच धरायचं.

तेव्हा आमच्या मित्राला दोनच वार मिळाले. तो अजून रुसलाय, आणि फासे त्याच्याच पेटीत कुलूपबंद आहेत.