कै. न्यायमूर्ति काशीनाथ त्रिंबक तेलंग

तेलंग १८५० सालीं मुंबईंत जन्मले. १८७२ पासून हायकोर्टांत वकिली, १८८४ सालीं मुंबई कायदेकौन्सिलचें सभासदत्व व १८८९ सालीं हायकोर्टाचें न्यायासन, असा त्यांचा चढता क्रम होता. गीतेचें इंग्रजी भाषांतर करणाऱ्या या हिंदु पंडितानें यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान यांच्यांतील सलोखा दाखविणारें लेसिंगचें जर्मन नाटकहि मराठींत आणिलें. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनीं शास्त्राधारें पाठिंबा दिला. परंतु स्वतःच्या कन्येचा विवाह मात्र बालवयांतच केला, आणि सुधारक मित्र हळहळले. १८९३ सालीं ते निवर्तले. परक्यांचा निवाडा करणाऱ्या विद्वानासहि स्वगृहीं तोच न्याय पाळणें जड गेलें. विक्रोळीच्या धर्मबंधुभगिनींनो, आपणहि आपापल्या घरीं विवेकबुद्धीची तपासणी करूं या.