सोळाव्या वर्षी पेशवा

वर्गात जेफर्सन शिकताना मला थोरले माधवराव आठवले. जेफर्सन १७४३चे, माधवराव १७४५चे. पानिपतानंतर, १७६१मध्ये, सोळाव्या वर्षी ते पेशवे झाले. पुढच्याच वर्षी काका राघोबादादा निजामाची मदत घेऊन त्यांच्यावर चालून आले. आळेगावला माधवराव स्वतःहून काकांच्या छावणीत गेले, शरण. घरातच लढत बसलं तर निजामाचं फावणार, हे त्यांना कळत होतं. मला भावाला सॉरी म्हणायला दोन दिवस लागतात! नऊ महिन्यांनी त्याच काकांना सोबत घेऊन त्यांनी राक्षसभुवनला निजामाला हरवलं. १७६८मध्ये मात्र धोडपला काकांना पकडून शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं. १७७२मध्ये थेऊरला क्षयाने ते गेले, सत्ताविसाव्या वर्षी. जाण्याआधी धाकट्या नारायणरावाला काकांच्याच हाती सोपवलं होतं. वर्षभरात नारायणरावाचा खून झाला.