साक्षीची जोखीम पत्करणारे दादासाहेब खापर्डे

भाडेकरार असो की मुखत्यारपत्र, नोटरीच्या सही-शिक्क्याशिवाय आज अनेक कामे अडतात. १९५२ च्या नोटरी कायद्याखालील नियमांनी या नेमणुकीसाठी वकिलाला साधारणतः दहा वर्षांच्या अनुभवाची अट घातली आहे. कागदाला साक्ष राहणे किती जोखमीचे असते, हे आजच्या वाशीम जिल्ह्यातील इंझोरी ज्या वऱ्हाडात मोडते, त्याच वऱ्हाडातील एका नामांकित वकिलाच्या आयुष्यात दिसते. ते म्हणजे गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे.

२७ ऑगस्ट १८५४ रोजी जन्मलेल्या दादासाहेबांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८८४ मध्ये कायद्याची पदवी मिळविली. काही वर्षे वऱ्हाडात मुन्सफ व साहाय्यक आयुक्त म्हणून काम केल्यावर सरकारी नोकरी सोडून ते अमरावतीत वकिली करू लागले. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या बाबामहाराज पंडितांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रातील विश्वस्तांत लोकमान्य टिळकांबरोबर खापर्डेही होते. त्यांच्या विधवा ताईमहाराजांनी जून १९०१ मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ यास दत्तक घेतले. पुढे मात्र त्यांनी हे दत्तविधान नाकारले. टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला होऊन १९०३ मध्ये शिक्षा झाली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. खालच्या न्यायालयाने दत्तविधान मान्य केले, तर १९१० मध्ये उच्च न्यायालयाने ते अमान्य केले. म्हणजे विश्वस्तांची साक्षच अविश्वसनीय ठरली. आयुष्यभर न्यायालयात वावरलेल्या वकिलाला याहून मोठा कलंक तो कोणता?

दरम्यान टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी चालती वकिली सोडून १९०८ मध्ये दादासाहेब इंग्लंडला गेले. सुटका झाली नाही. वकिलीची घडी मात्र विस्कटली. अखेर २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान वैध ठरविले आणि विश्वस्तांच्या सचोटीवरील डाग पुसला गेला. दत्तविधानापासून तोवर जवळजवळ चौदा वर्षे लोटली होती.

पुढे दादासाहेब केंद्रीय विधिमंडळातही गेले. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. नोटरीचा शिक्का त्यांच्याजवळ नव्हता. पण एकदा दिलेल्या साक्षीचा भार त्यांनी अखेरपर्यंत वाहिला. नोटरी होऊ पाहणाऱ्या तरुण वकिलांनी हे चरित्र जरूर अभ्यासावे.