एडवर्ड हार्टली अँगल

एडवर्ड हार्टली अँगल (जन्म : १ जून १८५५, हेरिक, पेनसिल्व्हेनिया, मृत्यू : ११ ऑगस्ट १९३०, सँटा मोनिका, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन दंतवैद्य, संशोधक व अध्यापक होते. वेडेवाकडे दात आणि परस्परांशी न जुळणारे जबडे यांवर उपचार करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिक्स या शाखेला स्वतंत्र शास्त्राचे स्वरूप देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. म्हणूनच त्यांना आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक म्हणतात. त्यांनी केलेले दंतविसंगतींचे वर्गीकरण आणि त्यांनी घडविलेली तारेची उपकरणे आजच्या उपचारांच्या मुळाशी आहेत. मात्र दात सरळ करण्यासाठी कोणताही दात काढू नये हा त्यांचा आग्रह त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच शिष्यांनी मोडीत काढला.

जन्म व शिक्षण

अँगल यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफोर्ड परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सात भावंडांत ते पाचवे. पुस्तकी अभ्यासापेक्षा हत्यारे आणि यंत्रे यांची त्यांना लहानपणापासून अधिक ओढ होती. त्यांच्या हातातील हे कसब ओळखून आईने त्यांना एका दंतवैद्याकडे उमेदवारीसाठी पाठविले. त्या काळी दंतवैद्यकाचे प्राथमिक धडे याच पद्धतीने मिळत. पुढे फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया दंतशल्य महाविद्यालयातून ते १८७८ मध्ये पदवीधर झाले व टोवांडा या गावी त्यांनी व्यवसाय सुरू केला.

फुप्फुसाच्या विकारामुळे त्यांना तेथील व्यवसाय सोडावा लागला. कोरड्या हवेसाठी ते मिनेसोटा राज्यात गेले. मध्यंतरी मोंटानामध्ये भावासह मेंढपालनाचा प्रयत्नही त्यांनी केला. परंतु कडाक्याच्या हिवाळ्यात मेंढ्या दगावल्या आणि ते पुन्हा मिनिॲपोलिस येथे दंतवैद्यकाकडे वळले.

स्वतंत्र शाखेचा आग्रह

वाकडे दात सरळ करण्याचे प्रयत्न अँगल यांच्या आधीही झाले होते. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूच्या पट्टीला दात बांधून ते ओळीत आणण्याची रीत दिली होती. तथापि अँगल यांच्या तरुणपणी या कामाला निश्चित पद्धत नव्हती. प्रत्येक रुग्णासाठी दंतवैद्य आपापल्या कल्पनेप्रमाणे निराळे साधन बनवीत असे.

अँगल यांनी स्क्रू, नळ्या, पट्ट्या व तारा यांचे ठरावीक आकाराचे सुटे भाग तयार केले. हे भाग जुळवून कोणालाही उपकरण उभे करता येई. १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथील नवव्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. तो वाढत जाऊन १९०७ मध्ये त्याची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मिनेसोटा, शिकागो व सेंट लुईस येथील महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. सर्वसामान्य दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात या विषयाला मिळणारे थोडेसे तास त्यांना अपुरे वाटत. १८९२ पासून त्यांनी इतर सर्व दंतोपचार बंद करून केवळ ऑर्थोडॉन्टिक्सचे काम ठेवले. विषयाला महाविद्यालयात पुरेसे स्थान मिळत नाही असे दिसल्यावर १९०० मध्ये सेंट लुईस येथे त्यांनी आपली स्वतंत्र शाळा काढली. त्याच सुमारास अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांची पहिली संघटना स्थापन झाली व अँगल तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९०७ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिकही सुरू झाले.

दंतविसंगतींचे वर्गीकरण

१८९९ मध्ये प्रसिद्ध झालेले वर्गीकरण हे अँगल यांचे सर्वांत टिकाऊ कार्य मानले जाते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ही वरची दाढ म्हणजे चाव्याची किल्ली, असे त्यांनी मानले. वरच्या दाढेचा पुढचा बाहेरील उंचवटा खालच्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसला, की दाढांचा मेळ योग्य समजावा, हा त्यांचा निकष होता. त्यावरून त्यांनी तीन वर्ग केले.

पहिल्या वर्गात दाढांचा मेळ बरोबर असतो, पण पुढचे दात दाटीने, वळलेले किंवा विरळ असतात. दुसऱ्या वर्गात खालची दाढ वाजवीपेक्षा मागे असते. त्याच्या पहिल्या उपवर्गात वरचे पुढचे दात बाहेर आलेले, तर दुसऱ्या उपवर्गात ते आत झुकलेले असतात. तिसऱ्या वर्गात खालची दाढ पुढे असते आणि बहुधा हनुवटीही पुढे आलेली दिसते.

या मांडणीमुळे दोन दंतवैद्यांना एकाच रुग्णाविषयी एकाच भाषेत बोलता येऊ लागले. हे वर्गीकरण केवळ पुढे-मागे असलेला फरक मोजते. जबड्यांची रुंदी, उंची व चेहऱ्याची ठेवण त्यात येत नाही, ही त्याची मर्यादा पुढे दाखविली गेली. तरीही जगभरातील दंतवैद्य आजही रुग्णाची नोंद याच वर्गांनी सुरू करतात.

उपकरणे

अँगल यांच्या नावावर अनेक पेटंटे आहेत. प्रारंभीच्या उपकरणात दाढांना बसविलेल्या पट्ट्यांना जोडलेली जाड तार दातांच्या बाहेरून कमानीसारखी फिरे व दात तिला बांधले जात. या रचनेत दात कलत, पण मूळ जागचे हलत नसे. ही उणीव दूर करण्यासाठी त्यांनी एकामागून एक रचना बदलल्या. अखेरीस १९२५ मध्ये त्यांनी एजवाइज उपकरण सिद्ध केले आणि १९२८ मध्ये ते लेखाद्वारे प्रसिद्ध केले. त्यातील ब्रॅकेटला ०.०२२ इंच उंच व ०.०२८ इंच खोल अशी चौकोनी खाच होती. चौकोनी तार त्या खाचेत घट्ट बसत असल्याने दाताचे मूळही तिन्ही दिशांनी हलविता येऊ लागले. सध्याच्या ब्रॅकेटमध्येही हीच कल्पना वापरली जाते.

दात काढण्याविषयीचा वाद

दाटीने आलेले दात ओळीत बसविण्यासाठी काही दात काढावेत की नाही, हा या शास्त्रातील जुना प्रश्न आहे. प्रत्येक मनुष्याच्या मुखात सर्व दातांना जागा होऊ शकते, अशी अँगल यांची धारणा होती. जर्मन शल्यवैद्य युलियुस वोल्फ यांच्या संशोधनानुसार हाड त्यावर पडणाऱ्या ताणाप्रमाणे घडत जाते. त्याआधारे, दात योग्य जागी आणले की भोवतीचे हाड आपोआप वाढेल व चेहराही सुडौल होईल, असे त्यांनी प्रतिपादले.

कॅल्व्हिन केस यांनी याला विरोध केला. काही रुग्णांत दात न काढल्यास ते बाहेर ढकलले जातात, ओठ पुढे येतात आणि उपचारानंतर दात पुन्हा वाकडे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये या दोन पक्षांत जाहीर वाद झाला. त्यात केस यांच्या विरुद्ध बाजू अँगल यांचे विद्यार्थी मार्टिन ड्यूई यांनी मांडली. अमेरिकेत पुढील सुमारे तीन दशके अँगल यांच्या मताचेच वर्चस्व राहिले. मतभेद सहन न होण्याच्या स्वभावामुळे याच काळात त्यांचे कित्येक जुने सहकारी दुरावले.

अखेरची वर्षे

१९०८ मध्ये अँगल यांनी ॲना हॉपकिन्स यांच्याशी दुसरा विवाह केला. त्या स्वतः दंतवैद्यकाच्या पदवीधर होत्या आणि शाळेच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १९१६ मध्ये हे दांपत्य कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे स्थायिक झाले. निवृत्तीचा विचार बाजूला पडून तेथेही विद्यार्थी येऊ लागले व १९२२ मध्ये महाविद्यालयाची इमारत उभी राहिली. निधनानंतर १९३० मध्येच शिष्यांनी त्यांच्या नावाने संस्था स्थापन केली. द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट हे नियतकालिक १९३१ पासून प्रसिद्ध होत आहे.

वारसा

अँगल यांच्या मताचा कस त्यांच्या शिष्यांनीच लावला. होली ब्रॉडबेंट यांनी १९३१ मध्ये डोक्याची क्ष-किरण छायाचित्रे प्रमाणबद्ध रीतीने घेण्याची पद्धत दिली. त्यामुळे जबड्याची वाढ मोजता येऊ लागली आणि तार लावल्याने हाड हवे तेवढे वाढत नाही हे दिसून आले. चार्ल्स ट्वीड यांनी दात पुन्हा वाकडे झालेल्या आपल्याच रुग्णांवर उपदाढा काढून फेरउपचार केले आणि त्यांचे निष्कर्ष १९४० च्या सुमारास मांडले. ऑस्ट्रेलियातील रेमंड बेग यांनीही दात काढण्याचा मार्ग स्वीकारला. त्यांची हलक्या तारेची पद्धत भारतातील दंत महाविद्यालयांतही अनेक वर्षे शिकविली गेली. आज कोणतेही एक मत सरसकट लागू केले जात नाही. जबड्यातील जागा, चेहऱ्याची बाजूने दिसणारी ठेवण आणि वय पाहून प्रत्येक रुग्णाचा निर्णय वेगळा घेतला जातो.

वाढीच्या वयाचा उपयोग करून घ्यावा, हा अँगल यांचा विचार मात्र टिकला. मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करावी, अशी अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट संघटनेची शिफारस आहे. अंगठा चोखण्याची सवय, अरुंद टाळू किंवा मागे राहिलेला खालचा जबडा यांवर या वयात उपाय करता येतो. किशोरवयात कायमचे दात आल्यावर ब्रॅकेट व तार यांचा उपचार केला जातो. प्रौढांचेही दात हलविता येतात. परंतु जबड्याची वाढ थांबलेली असल्याने मोठ्या विसंगतीसाठी शस्त्रक्रिया लागू शकते. हिरड्यांचे विकार असल्यास ते आधी बरे करावे लागतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पारदर्शक साच्यांचा पर्याय उपलब्ध झाला. कोणत्याही वयात उपचारानंतर रिटेनर न वापरल्यास दात जुन्या जागेकडे सरकतात.

भारतात या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण दंत महाविद्यालयांतून दिले जाते. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडे बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय ही या परिसरातील परिचित नावे होत. तेथे येणाऱ्या मुलाच्या तपासणीपत्रावर लिहिला जाणारा वर्ग एक, दोन किंवा तीन हा अँगल यांनी १८९९ मध्ये आखलेल्या वर्गांपैकीच एक असतो.