पाच काडतुसे आणि नाईक यशवंत घाडगे

इगतपुरीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. आषाढात धुके थेट माजघरात येते आणि कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढते. अशाच एका पावसाळ्यात आत्याने रेल्वे लाइनीजवळचे जुने घर विकायला काढले आणि आवराआवरीसाठी मला बोलावून घेतले. माळ्यावर तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, लोखंडी ट्रंक होती. आत एक घोंगडी, लष्करातून सुटल्याचे पुस्तक, दोन पदके आणि मेणकापडात गुंडाळलेली पाच काडतुसे. पितळ हिरवट पडलेले, पण गोळ्या जागच्या जागी.

ही काडतुसे आमच्या घरात न पाहताही सर्वांना ठाऊक होती. तात्या तिसऱ्या मराठा पलटणीत होते, इटलीत लढले आणि परत येऊन रेल्वेत पॉइंट्समन म्हणून लागले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. घाडगे पडले तेव्हा त्यांच्या बंदुकीत उरलेल्या गोळ्या तात्यांनी जपून आणल्या, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. दिवाळीत सगळे जमले की ही गोष्ट एकदा तरी निघायचीच.

ट्रंक उघडल्यावर माझ्या चुलतभावाने विचारले की याला आज किती येतील. आत्याला ते आवडले नाही. पण उत्तर द्यायचे तर आधी वस्तू ओळखायला हवी. काडतुसे मी ट्रंकेतच राहू दिली. चिमट्याने हलकेच उलटी करून फोनवर त्यांचे फोटो काढले आणि ते दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेल्या एका परिचित गृहस्थांना दाखवले. त्यांनी पहिल्याप्रथम दटावले. जुने काडतूस घासायचे नाही, उघडायचे नाही, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवायचे नाही. आतली दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते.

मग त्यांनी ओळख पटवून दिली. काडतुसाच्या बुडाला कडा बाहेर आलेली, म्हणजे ते .303. कवच सुमारे 56 मिलिमीटर लांब, गोळी टोकदार. ही 1910 साली आलेली मार्क सात जात, गोळीचे वजन 174 ग्रेन, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास. टोक हलके राहावे म्हणून गोळीच्या पुढच्या भागात ॲल्युमिनियम किंवा तत्सम पदार्थ आणि मागे शिसे. आत कॉर्डाइट, शेवयांसारख्या बारीक काड्यांच्या रूपात. बुडाच्या टोपीभोवती जांभळे कडे असेल तर साधी गोळी, लाल असेल तर मागे उजेडाची रेघ सोडणारी, हिरवे असेल तर चिलखत भेदणारी. आमच्या काडतुसांवर जांभळा रंग पुसटसा शिल्लक होता. बुडावर के आणि एफ ही अक्षरे व त्यांच्यामध्ये सरकारी बाण, म्हणजे ती आपल्या खडकीच्या कारखान्यात तयार झालेली. हा कारखाना 1869 सालचा. अक्षरांच्या बाजूला आकडा होता 45.

तिथे मी थबकलो. पुढे सांगण्याआधी घाडग्यांचे आयुष्य सांगितले पाहिजे.

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी, त्या वेळच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, पळसगावला झाला. कोकणातल्या आणि देशावरच्या असंख्य घरांतला एक तरी मुलगा तेव्हा पलटणीत जात असे. थोडी भातशेती, खाणारी तोंडे जास्त, आणि पलटणीचा पगार म्हणजे महिन्याला येणारी मनिऑर्डर. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत गेले आणि नाईक झाले. 1941 साली ही पलटण पूर्व आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर लढली होती. पुढे ती इटलीत उतरली. इटलीच्या त्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय लढले आणि साडेपाच हजारांहून अधिक परत आले नाहीत.

10 जुलै 1944. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंटोने गावाच्या परिसरात घाडग्यांची कंपनी जर्मनांच्या भक्कम मोर्चावर चढत होती. घाडग्यांकडे एका रायफल सेक्शनचे नेतृत्व होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागे वळले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. ते मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोघे निकामी झाले. दुसऱ्या एकाला त्यांनी टॉमीगनने टिपले. अजून दोघे उरले होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी गन उलटी धरली आणि दस्त्यानेच त्या दोघांना लोळवले. मोर्चा हाती आला, आणि त्याच क्षणी दुसरीकडून शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्याकडून तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. 2023 सालच्या जुलैमध्ये मोंटोनेच्या गावकऱ्यांनी त्यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभे केले. सूर्य सगळ्यांचा एकच, असा त्यामागचा विचार. ज्या गावाची भाषा घाडग्यांना येत नव्हती, त्या गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनी त्यांची आठवण ठेवली.

आता आमच्या काडतुसांकडे वळू. घाडग्यांच्या हातात टॉमीगन होती. टॉमीगनला .45 ची आखूड, जाड आणि कडा नसलेली गोळी लागते. .303 त्या बंदुकीत जाणारच नाही, ते रायफलीचे आणि ब्रेनगनचे काडतूस. आणि 45 हा आकडा तयार झाल्याचे साल सांगतो. घाडगे गेले 1944 मध्ये. जी गोळी तेव्हा जन्मालाही आली नव्हती, ती त्यांच्या बंदुकीत उरणार कशी?

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले की तात्या खोटे बोलले का. मी तात्यांचे पलटणीचे पुस्तक पुन्हा वाचले. पलटण तीच, इटलीची नोंद खरी, सुटका 1946 सालची. मग आठवायला बसलो तेव्हा लक्षात आले, तात्यांच्या तोंडून ही गोष्ट आमच्यापैकी कोणीच ऐकलेली नव्हती. ती सांगत ते मोठे काका. तात्या त्या वेळी उठून अंगणात जात आणि विडी पेटवत.

मग त्यांनी ही पाच काडतुसे का जपली असतील? पितळ तेवढे सांगत नाही. पण मला एक वाटते. ज्या पलटणीत एका जवानाला मॅगझिन बदलायला क्षणभर मिळाला नाही, त्या पलटणीतून परतलेल्या माणसाला पाच गोळ्या जवळ असाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे.

किमतीचा प्रश्न राहिला. .303 ची काडतुसे जगभर अब्जावधींनी बनली, त्यामुळे परदेशातल्या संग्राहकांनाही असल्या साध्या गोळीचे अप्रूप नाही. आणि आपल्याकडे ती विकताच येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे. निकामी झालेल्या पुरातन बंदुकीला जी सवलत मिळते ती जिवंत काडतुसाला मिळत नाही. आजोबांची आठवण म्हणून ठेवले होते, एवढे कारण कायद्याला पुरत नाही. आपल्याही माळ्यावर असे काही निघाले तर ते खिशात घालून चौकीत नेऊ नका. पोलिसांना फोन करा आणि त्यांना येऊ द्या.

आम्ही तेच केले. पोलीस आले, पंचनामा झाला, काडतुसे गेली. चुलतभाऊ जरा हिरमुसला. आत्याने मात्र पोलिसांना चहा पाजला आणि तात्या कोणत्या पलटणीत होते ते स्वतःहून सांगितले.

घर विकले गेले. पदके आणि पुस्तक आता माझ्याकडे आहेत. गेल्या दिवाळीत मुलांनी ती गोष्ट सांगायचा हट्ट धरला, तेव्हा आत्यानेच सांगायला घेतली. या वेळी तीत काडतुसे नव्हती. पळसगावचा बावीस वर्षांचा नाईक होता, आणि त्याचे नाव निघाले की उठून अंगणात जाणारे आमचे तात्या होते.