ताऱ्याला धरून बसलेला माणूस

नॅशव्हिलमधल्या एका फोटो स्टुडिओच्या छपरावर एक अवाढव्य कॅमेरा ठेवलेला होता. नाव ‘ज्युपिटर’. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती. विजेचा दिवा यायला अजून अवकाश होता, त्यामुळे फोटो मोठा करून छापायचा तर उजेड थेट सूर्याकडूनच घ्यावा लागे. कागद इतका मंद की एकेका प्रिंटला बराच वेळ ऊन द्यावं लागायचं. तोवर सूर्य थांबतोय थोडाच! म्हणून कॅमेऱ्याला दोन मोठी चाकं होती आणि ती हळूहळू फिरवत कॅमेरा सतत सूर्याकडे रोखून धरायला एक पोऱ्या ठेवलेला असे. काम इतकं कंटाळवाणं की आधीची पोरं चक्क झोपून जायची. मग नऊएक वर्षांचा एक मुलगा आला. तो झोपला नाही.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड त्याचं नाव. जन्म १६ डिसेंबर १८५७. वडील त्याच्या जन्माआधीच वारले. घरात आई, दोन मुलं आणि दारिद्र्य. शाळा म्हणाल तर आयुष्यात मिळून दोन महिने. हा मुलगा पुढे खगोलशास्त्रातल्या सगळ्यात मोठ्या निरीक्षकांपैकी एक झाला आणि आकाशगंगेचे फोटो कसे काढायचे, हे बऱ्याच अंशी त्यानेच जगाला दाखवलं.

तुमच्यापैकी कुणी रास्पबेरी पायशी खेळलं असेल, तर छपरावरच्या त्या नोकरीचं स्वरूप लगेच लक्षात येईल. २०१२ मध्ये बाजारात आलेला, तेव्हा ३५ डॉलरला मिळणारा हा तळहाताएवढा कॉम्प्युटर हल्ली हौशी लोकांच्या दुर्बिणीला बांधलेला दिसतो. दुर्बिणीवर मुख्य कॅमेरा असतो, तसाच एक छोटा गाइड कॅमेराही. दर दोन-तीन सेकंदांनी गाइड कॅमेरा एखाद्या ताऱ्याचा फोटो घेतो, पाय त्या ताऱ्याचं केंद्र मोजतो आणि तारा पिक्सेलच्या काही अंशांनी जरी सरकला तरी माउंटच्या मोटरला किंचित पुढे किंवा मागे ढकलतो. रात्रभर हेच. त्याला ऑटोगाइडिंग म्हणतात. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वांगणीला किंवा कुठल्या धरणाच्या काठावर सेटअप लावून मुलं मोबाइलवर ग्राफ बघत चहा पीत बसतात.

मुळात हे करावं का लागतं? पृथ्वी फिरते म्हणून आकाश आपल्याला सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकताना दिसतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बर्नार्डने पुढे जी लेन्स वापरली तिचा हिशेब केला, तर न फिरणाऱ्या कॅमेऱ्यात खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दोन सेकंदांच्या आत प्लेटवर एक दशांश मिलिमीटर सरकतो. आणि त्याला चार-चार तासांचं एक्स्पोजर द्यायचं होतं!

पण ती बरीच पुढची गोष्ट. आधी तो छपरावरच होता. तिथे त्याला एक गंमत कळली. दुपारच्या बाराला चर्चची घंटा व्हायची, पण त्या क्षणी सूर्य रोज त्याच जागी नसायचा. कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे. कॅमेरा सूर्यावर रोखलेला असल्यामुळे फरक स्पष्ट दिसे. घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांच्यात वर्षभरात पाव तासापर्यंत तफावत पडते, त्याला खगोलशास्त्रात नाव आहे, गणित आहे. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने ते नुसतं पाहिलं होतं.

स्टुडिओत तो जवळपास सतरा वर्षं राहिला. रसायनं, काचा, लेन्सा, डार्करूम, सगळं हाताखालून गेलं. १८७६ च्या सुमारास एका ओळखीच्या माणसाने दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवलं. पैसे परत आले नाहीत. पुस्तक थॉमस डिक यांचं निघालं, खगोलशास्त्राचं. त्यातला ताऱ्यांचा नकाशा आणि खिडकीतलं आकाश ताडून पाहता पाहता लहानपणापासून ओळखीच्या ताऱ्यांना नावं मिळाली. लवकरच त्याने पाच इंची दुर्बीण घेतली. किंमत ३८० डॉलर, म्हणजे वर्षाच्या पगाराचा साधारण दोन तृतीयांश हिस्सा. घरी आजारी आई असताना! आजच्या कुठल्याही समंजस माणसाने त्याला वेड्यात काढलं असतं.

१८७७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं अधिवेशन नॅशव्हिललाच भरलं. त्या काळचे बडे खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम आले होते. बर्नार्ड धीर करून त्यांना भेटला. त्यांनी सरळ सांगितलं की गणित येत नसेल तर या क्षेत्रात तुझं काही होणार नाही, फार तर धूमकेतू शोध. मुलगा एका खांबाआड जाऊन रडला. मग त्याने शिकवणी लावून गणित सुरू केलं आणि धूमकेतूही शोधायला लागला.

न्यूकम यांच्यावर चिडायचा मोह होतो, पण सल्ला वाईट नव्हता. शिवाय धूमकेतूंचे पैसे मिळायचे. रॉचेस्टरच्या वॉर्नर नावाच्या औषधविक्याने नव्या धूमकेतूला २०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. १८८१ मध्ये बर्नार्डचं स्टुडिओतल्याच ऱ्होडा कॅल्व्हर्टशी लग्न झालं, त्याच वर्षी पहिला धूमकेतू सापडला आणि त्या पैशावर त्यांनी घर बांधायला काढलं. घरकर्जाचा हप्ता जवळ आला की नवा धूमकेतू सापडायचा, असं नंतर गमतीने सांगितलं जायचं. गावात त्या घराला धूमकेतूचं घरच म्हणत.

१८८३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती, राहायला घर आणि वेधशाळेची जबाबदारी दिली. पंचविशीतला, लग्न झालेला हा माणूस कॉलेजात बसून गणित आणि भाषा शिकला. १८८७ मध्ये तो कॅलिफोर्नियाला लिक वेधशाळेत काम मिळणार म्हणून सगळं सोडून निघाला. तिथे पोहोचल्यावर कळलं की वेधशाळा अजून ताब्यातच आलेली नाही. मधले महिने त्याने सॅन फ्रान्सिस्कोत वकिलाच्या कचेरीत कागदांच्या नकला करून काढले.

लिकची ३६ इंची दुर्बीण तेव्हा जगातली सर्वांत मोठी अपवर्तक दुर्बीण होती आणि बर्नार्ड सर्वांत ज्युनिअर. त्याला ती मिळत नसे. संचालक होल्डन यांच्याशी बराच काळ खटके उडाल्यावर १८९२ मध्ये आठवड्यातली एक रात्र पदरात पडली, शुक्रवारची. ९ सप्टेंबरच्या शुक्रवारी त्याला गुरूचा पाचवा चंद्र दिसला. गॅलिलिओनंतर जवळपास २८२ वर्षांनी! बर्नार्ड रातोरात प्रसिद्ध झाला.

मला मात्र तो मोठी दुर्बीण नसताना काय करत होता, यात जास्त रस आहे. लिककडे सहा इंच व्यासाची एक जुनी पोर्ट्रेट लेन्स होती, विलर्ड लेन्स. माणसांचे चेहरे टिपायला बनवलेली. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो, या लेन्सला मात्र मोठं क्षेत्र दिसायचं. ही लेन्स कशासाठी आहे, हे स्टुडिओत वाढलेल्या माणसाला सांगावं लागलं नाही. १८८९ मध्ये त्याने लाकडी कॅमेरा एका छोट्या दुर्बिणीला बांधला आणि आकाशगंगेकडे रोखला.

दुर्बिणीला यंत्र असे, वजनावर चालणारं घड्याळ. पण दातेरी चाकं कधीच अचूक नसतात, नळी स्वतःच्या वजनाने वाकते, तारा क्षितिजाकडे गेला की हवेतून येताना प्रकाश वेगळा वळतो. या चुका सुधारायला बर्नार्ड दुर्बिणीत डोळा लावून बसायचा. आत बारीक तारांची फुली, फुलीवर एक तारा. तारा हलला की स्क्रू किंचित फिरवायचा. तीन तास, चार तास, कधी त्याहून जास्त. मान अवघडली तरी उठायचं नाही. आज आपण पाच-पाच मिनिटांचे शंभर फोटो घेऊन एकावर एक रचतो. एकात विमान आलं तर तो फेकून देतो. त्याच्याकडे एकच काच होती. चौथ्या तासाला डुलकी लागली तर आधीचे तीन तास फुकट.

म्हणजे छपरावरचीच नोकरी, फक्त रात्रपाळीत.

याच लेन्सने ऑक्टोबर १८९२ मध्ये टिपलेल्या एका प्लेटवर धूमकेतू सापडला. फोटोवरून शोधलेला हा पहिला धूमकेतू. १८९५ मध्ये तो विस्कॉन्सिनमधल्या यर्कीज वेधशाळेत गेला. ४० इंची दुर्बीण, आणि हिवाळा असा की पापण्या गोठाव्यात. घुमट उघडाच ठेवावा लागतो, कारण गरम हवेने तारा थरथरतो. बर्नार्ड अशा रात्रीही उठत नसे. मे १८९७ मध्ये तिथला वर-खाली होणारा भला मोठा फ्लोअर कोसळला. त्या रात्री तो तिथेच काम करत होता आणि काही तासांपूर्वीच निघाला होता.

कॅथरीन ब्रूस या श्रीमंत बाईंनी ७,००० डॉलर दिले आणि त्यातून त्याची स्वतःची फोटोची दुर्बीण झाली. मनासारखी लेन्स मिळायला वर्षं गेली, ती उभी राहिली १९०४ मध्ये. हिची एक खुबी सांगायलाच हवी. नेहमीच्या जर्मन पद्धतीच्या माउंटवर तारा मध्यमंडल ओलांडून पश्चिमेला गेला की दुर्बीण खांबावर आदळायची भीती असते, म्हणून ती उलटी फिरवून घ्यावी लागते. आज हा मेरिडियन फ्लिप पाय आपला आपण करतो, पुन्हा नेम धरतो आणि पुढचा फोटो सुरू करतो. एकच काच असलेल्या बर्नार्डला मधे थांबणं परवडणारं नव्हतं. म्हणून ब्रूस दुर्बिणीचा खांबच वाकवून बनवला होता, म्हणजे दुर्बीण न आदळता थेट पलीकडे जाईल. सॉफ्टवेअर नव्हतं, तर लोखंड वाकवलं!

१९०५ मध्ये ही दुर्बीण घेऊन तो काही महिने कॅलिफोर्नियात माउंट विल्सनला राहिला. कारण यर्कीजहून वृश्चिक आणि धनु राशीतला आकाशगंगेचा गाभा फार खाली दिसतो. आपल्याकडून तो कितीतरी वर येतो, उन्हाळ्यात पहाटे बघा. त्याच्या उत्तम प्लेट्सपैकी बहुतेक त्या महिन्यांतल्या.

त्या प्लेट्सवर एक कोडं होतं. ताऱ्यांच्या गर्दीत मधेच काळेभोर डाग. विल्यम हर्शेलच्या काळापासून लोक त्यांना आकाशातली भोकं समजत. बर्नार्डही आधी तसंच म्हणायचा. पुढे वर्षानुवर्षं प्लेट्स पाहताना त्याला शंका येत गेली, पण जाहीर बोलायला तो कचरत राहिला. १९१३ च्या उन्हाळ्यात एका रात्री धनु राशीचा फोटो घेताना समोरून ढगांचे छोटे पुंजके सरकले. आकाशगंगेच्या उजेडावर ते शाईच्या थेंबांसारखे काळे दिसले, हुबेहूब त्याच्या प्लेट्सवरच्या डागांसारखे. १९१९ मध्ये त्याने १८२ काळ्या डागांची यादी छापली आणि त्यातले बरेचसे भोकं नसून समोर आलेलं काहीतरी आहे, अशी मांडणी केली. जर्मनीत मॅक्स वोल्फही याच दिशेने जात होता. ताऱ्यांमधल्या धुळीने प्रकाश अडतो, याचा पक्का पुरावा ट्रम्पलरने दिला १९३० मध्ये.

बर्नार्डची गोष्ट सांगताना लोक त्याच्या गोठलेल्या रात्रींपाशी थांबतात. मला ते पटत नाही. तारा फुलीवर धरून ठेवणं हे हमालीचं काम होतं आणि ते ३५ डॉलरच्या बोर्डाने करावं यात वाईट वाटण्यासारखं काहीही नाही. त्या काचा नंतर दिवसच्या दिवस पाहत बसणं, १८९४ ची आणि १९१६ ची प्लेट शेजारी ठेवून एक फिका तारा जागेवरून हलल्याचं ओळखणं, हे वेगळं काम. तो तारा वर्षाला १०.३ आर्कसेकंद सरकतो, इतर कुठल्याही ताऱ्यापेक्षा जास्त. त्याला आज बर्नार्डचा तारा म्हणतात. आपल्यापासून तो सहा प्रकाशवर्षांवर आहे.

निवडक प्लेट्सचा एक अ‍ॅटलास काढायचं त्याने माउंट विल्सनहून आल्यापासून मनात घेतलं होतं. शाईच्या छपाईत बारकावे मरतात, म्हणून प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवायचे ठरले. ७०० प्रती, प्रत्येकीत ५१ प्रिंट. म्हणजे ३५,७०० फोटो, आणि त्यातला प्रत्येक त्याने स्वतः तपासला. नापास केलेले निराळेच. पंधरा वर्षं उलटली. मधुमेह जडला. १९२१ मध्ये ऱ्होडा गेली. प्रिंट तयार होते, मजकूर आणि नकाशे अर्धवट होते, आणि ६ फेब्रुवारी १९२३ रोजी बर्नार्ड वारला.

ऱ्होडाची भाची मेरी कॅल्व्हर्ट वेधशाळेत त्याची सहायक होती. उरलेले तक्ते, नकाशे आणि काळ्या डागांची वाढलेली यादी तिने मार्गी लावली, संपादनात संचालक एडविन फ्रॉस्ट होते. अ‍ॅटलास १९२७ मध्ये बाहेर आला. डागांना त्याने दिलेले क्रमांक अजून तेच आहेत. मृग नक्षत्राच्या पट्ट्याखालचा तो प्रसिद्ध घोड्याच्या डोक्याचा आकार म्हणजे बी ३३. आकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढंच टाइप केलं की पाय दुर्बीण तिकडे वळवतो, एक फोटो काढून ताऱ्यांवरून नेम तपासतो, जवळचा एखादा तारा निवडतो आणि त्याला धरून बसतो.