माशाच्या डोळ्याने जग पाहणारे शास्त्रज्ञ : रॉबर्ट वुड

पाण्यातल्या माशाला वरचं जग कसं दिसत असेल, असं एखाद्या मुलाने विचारलं तर त्याला गप्प करू नका. याच प्रश्नातून एका लेन्सची गोष्ट सुरू होते.

रॉबर्ट विल्यम्स वुड यांचा जन्म २ मे १८६८ रोजी अमेरिकेतील कॉनकॉर्ड येथे झाला. १९०१ पासून ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रकाश हा त्यांचा आवडता विषय.

हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं १८० अंशांचं दृश्य माशाला सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीत मावलेलं दिसतं. वुड यांनी हे नुसतं मांडलं नाही, करून पाहिलं. बादलीच्या तळाशी फोटोची काच ठेवली, पाणी भरलं आणि बारीक छिद्रातून प्रकाश आत सोडला. गोल फोटो मिळाला! १९०६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. 'फिशआय' म्हणजे माशाचा डोळा हे नावही त्यांचंच.

पण पाण्याची बादली घेऊन कोण फिरणार? १९२४ मध्ये रॉबिन हिल यांनी सगळं आकाश एका फोटोत टिपणारी काचेची लेन्स मांडली. आजच्या अनेक ३६० अंशांच्या कॅमेऱ्यांत अशा दोन लेन्स पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात.

वुड १९५५ मध्ये वारले. उद्या वर्गात बादलीभर पाणी घ्या, त्यात काठी तिरकी बुडवा आणि ती मोडल्यासारखी का दिसते ते मुलांना विचारा. उत्तर मात्र लगेच सांगू नका.